माझी ताटली

काल रात्री तुम्ही किती पोळ्या खाल्ल्या? प्रश्न साधा आहे. पुढे वाचण्यापूर्वी त्याचे उत्तर मनाशी देऊन पाहा.

अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्र घेताना हाच प्रश्न मी एकदा वर्गाला विचारला होता. ललित निबंधासाठी विषय शोधायचा होता आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातून सुरुवात करायला लावायचे होते. पुरुष विद्यार्थ्यांनी पटापट उत्तरे दिली. एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ म्हणाले, "चार." औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा एक मुलगा म्हणाला, "तीन, आणि भात." स्त्रिया मात्र एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाली, "मॅडम, कसं सांगणार? दोन अशा खाल्ल्या, आणि मग उरलं ते."

"उरलं ते" या दोन शब्दांपाशी मी अडले, कारण तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि माझ्यापाशीही उत्तर नव्हते. तेव्हा माझे वय त्रेचाळीस, उंची पाच फूट एक इंच आणि वजन 78 किलो होते. जिना चढताना गुडघा बोलू लागला होता. रक्ताच्या तपासणीत मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा जो अंदाज मिळतो, तो आकडा 6.2 आला होता. 5.7 पासून 6.4 पर्यंत मधुमेहाचा उंबरठा आणि त्यापुढे घर, असे बाईंनी समजावले. त्यांनी औषध लिहिले नाही. कागद पुढे ओढून त्या म्हणाल्या, "दिवसभरात काय काय खाता, सांगा."

मी सांगू लागले. सकाळी चहा, दुपारी डबा, रात्री दोन पोळ्या आणि थोडा भात. बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "एवढ्यावर हे वजन होत नाही."

मी खोटे बोलले नव्हते. मला ठाऊक होते तेवढेच मी सांगितले होते.

उंबरठा हा शब्द ऐकल्यावर मला माझी आई आठवली. मधुमेहाने तिची दृष्टी गेली. शेवटची चार वर्षे ती ताटातला पदार्थ बोटांनी चाचपून ओळखत असे. भात कुठे आहे, भाजी कुठे आहे, हे तिला सांगावे लागे. लोणच्याची फोड भातात मिसळली गेली तर तिचा चेहरा लहान मुलासारखा होई. ते आठवले की आजही माझा घास हातात राहतो. तेव्हा, वाचकहो, साडीच्या निऱ्या नीट बसाव्यात म्हणून मी या वाटेला लागले नाही, एवढे आरंभीच सांगते. तसे असते तरी बिघडले नसते म्हणा.

वाट कोणती धरावी हा प्रश्न होताच. आपल्या महाराष्ट्रात या विषयावर सल्ल्याची वाण नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव व्याख्याने देऊन पोहोचवलेली दोनदाच जेवण्याची पद्धत आमच्या शिक्षककक्षातल्या निम्म्या लोकांनी धरून पाहिली होती. उरलेले निम्मे ऋजुता दिवेकरांचे ऐकून दर दोन तासांनी थोडेथोडे खात होते. एका टेबलावर एक पक्ष कडकडीत बसलेला आणि दुसरा डबा उघडून शेंगदाणे मोजणारा, असे दृश्य 2018 नंतर कितीतरी दिवस दिसत असे. दोहोंत काही विचार आहे. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसे मी पाहिली आहेत. पण मला दोन्ही जमल्या नाहीत आणि याचे कारण पद्धतीत नव्हते, माझ्या दिवसात होते.

तो दिवस असा असे. पहाटे पाचला उठायचे. दोन मुले, नवरा आणि मी असे चार डबे भरायचे. साडेसहाची सिन्नर–नाशिक एसटी गाठायची. साडेसात ते साडेबारा कनिष्ठ महाविद्यालयातले तास, मग वह्या, बैठका, परीक्षेचे काम. परतायला चार. मग भाजी, दळण, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध. या दिवसात कोशिंबिरीसाठी वेगळे काही चिरणे, स्वतःपुरते वेगळे काही शिजवणे, ठरल्या मिनिटाला ठरलेला पदार्थ तोंडात टाकणे हे आठ दिवस जमते, नवव्या दिवशी मोडते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, घर आणि शिक्षण अशा तीन दगडांवर पाय ठेवून हे पान वाचत असतील. तुम्हाला अधिक सांगायला नको. आपल्यासारख्यांना नवे काही करायला वेळ नसतो. जे चालू आहे तेच थोडे कमी करता आले तर मात्र वेळ लागत नाही. म्हणून मी ठरवले की जेवण तेच ठेवायचे आणि माप बदलायचे.

पण कमी करायचे तर किती आहे ते आधी कळायला हवे. मी प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद घेतले, त्यांची वही शिवली आणि सात दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट टिपली. तोलले काही नाही, फक्त लिहिले. तुम्हीही हे करून पाहा. निबंधलेखनाचा यापेक्षा चांगला सराव मला ठाऊक नाही, कारण या वहीत विशेषणाला जागा नसते.

सातव्या दिवशी ती वही वाचताना मला माझीच ओळख नव्याने झाली. ताटावर बसून मी खरोखरच फार खात नव्हते. किंबहुना ताटावर मी बसतच नव्हते. धाकट्याने टाकलेली पाव पोळी मी उचलत होते. थोरलीने 'नको' म्हणून सरकवलेली भाजी मी पोळीच्या त्याच तुकड्याने पुसून घेत होते. पातेल्याच्या बुडाचे दोन डाव वरण कुठे काढून ठेवायचे म्हणून ते भातावर, आणि तो भात कुकरच्या भांड्यातच, ओट्याशी उभ्याने. मीठ पाहण्यासाठी चमचाभर, तिखट पाहण्यासाठी आणखी चमचाभर. दुपारी शिक्षककक्षात कोणाच्या तरी मुलाचा निकाल, कोणाची वेतनवाढ, कोणाचे नवे वाहन. पेढ्याला नकार दिला तर माणूस दुखावतो. चार वाजता घरी आले की भुकेने हात थेट चिवड्याच्या डब्यात. आणि चहा, दिवसातून चारदा, प्रत्येकी दोन चमचे साखर.

मध्यम आकाराच्या, तेलाचे बोट लावलेल्या पोळीत साधारण शंभर उष्मांक धरतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच पिठातून किंवा साखरेतून चार. म्हणजे चमचाभर तूप पंचेचाळीसच्या घरात जाते. या हिशेबाने पाहिले तर माझे 'उरलं ते' एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाएवढे भरत होते. चौघे जण एकदा जेवत होते, मी दोनदा जेवत होते, आणि दुसऱ्या जेवणाची भूकही नव्हती, चवही नव्हती, आठवणही नव्हती.

इथे मराठी भाषेविषयी थोडे बोलू द्या, नाहीतरी तुम्ही तिचेच विद्यार्थी आहात. आपल्या भाषेत अन्नाच्या तुकड्यांना किती नेमकी नावे आहेत! अर्धी, चतकोर आणि त्याहून लहान ती नितकोर. भाताची मूद, भाताचे शीत, वरणाचा डाव, आमटीची पळी, लोणच्याची फोड, तुपाची धार. धान्य मोजायला दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इतकी मापे असलेल्या भाषेत एका स्त्रीच्या रोजच्या जेवणाला मात्र मापच नव्हते. तिच्या वाट्याला जे येई ते बाकी येई. ती बाकी कधी शून्य असे, कधी डोंगराएवढी. माझ्या आजीच्या वेळी ती बहुधा शून्य असे, म्हणून आजी काटकुळी होती. माझ्या घरात पगार दोन आणि तेलाचा डबा पंधरा लिटरचा, म्हणून मी 78 किलोंची. वागण्याची रीत तीच होती. घरात काय शिजते आणि किती शिजते, तेवढेच बदलले होते.

आता ताटलीविषयी.

माळ्यावरच्या भांड्यांत माझ्या बारशाला मामाने दिलेली एक स्टीलची ताटली होती. तिच्या कडेला माझे नाव आणि तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली आहे. पूर्वी भांड्याच्या दुकानात बसून असे नाव घालून देत. घरातल्या मोठ्या ताटांच्या मानाने ती बरीच लहान. वीत पुरी पसरली की व्यास संपतो. मी ती घासून खाली आणली आणि ठरवले की आपण जे खायचे ते यात वाढून घ्यायचे, बसून खायचे आणि या ताटलीबाहेरचे काही खायचे नाही. चवीचा चमचासुद्धा ताटलीच्या कडेला टेकवायचा. नियम एवढाच होता. पथ्य म्हणावे असे त्यात काही नव्हते.

लहान ताटात वाढले की डोळा फसतो आणि पोट लवकर भरते, असे बरेचदा सांगतात. या विषयावरील संशोधनासाठी जगभर गाजलेल्या एका अमेरिकी प्राध्यापकांचे कितीतरी निबंध पुढे मागे घ्यावे लागले, त्यामुळे त्या दाव्यावर मी फार भार टाकणार नाही. माझा डोळा काही फसला नाही. पहिले दहा दिवस मला भूक लागत होती, चांगली सणसणीत लागत होती. रात्री वह्या तपासताना पोटात कालवाकालव होई. ताटली लहान करण्याचा खरा उपयोग निराळाच झाला. आपण किती घेतले ते दिसू लागले, आणि पुन्हा घ्यायचे तर उठून, विचार करून घ्यावे लागू लागले. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी मी ओटा आवरू लागले. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. ओटा आवरायलाही तेवढीच लागतात. आवरून झाल्यावर दहांतल्या सात वेळा पुन्हा वाढून घ्यावेसे वाटत नसे. उरलेल्या तीन वेळा मी घेत असे आणि त्याचा पश्चात्ताप करत नसे.

आणखी एक दुरुस्ती मला पहिल्या महिन्यातच करावी लागली. मी सगळेच निम्मे केले होते, भाजी आणि उसळसुद्धा. त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास एसटीत डोळ्यांपुढे अंधारी येई. बाईंनी पुन्हा कागद ओढला. पोळी आणि भात कमी करा, डाळ-उसळ-दही तेवढेच राहू द्या, भाजी वाढवा, असे त्यांनी सांगितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय जेवणाचा जो नमुना सुचवला आहे त्यात प्रौढ माणसासाठी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे धरली आहेत. आपल्या ताटात भाजी लावायला असते आणि पोळी पोटाला असते. हे प्रमाण उलटवायचे तर ताटलीचा अर्धा भाग भाजीने आधी भरायचा आणि उरलेल्या जागेत पोळीला व भाताला भांडू द्यायचे. मटकीची उसळ मी वाटीऐवजी ताटलीत सरळ पसरून घेऊ लागले. सासूबाईंना ते अत्यंत अशिष्ट वाटले.

सासूबाईंकडे आता यायलाच हवे. आमच्या घरात खरा अडथळा भुकेचा नव्हता, त्यांचा होता.

त्या सिन्नर तालुक्यातल्या कोरड्या पट्ट्यातल्या. 1972 च्या दुष्काळात त्या सोळा वर्षांच्या होत्या. माहेरच्या माणसांबरोबर दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली आणि रेशनवर आलेल्या अमेरिकी मिलोच्या तांबड्या भाकरी थापल्या. ती भाकरी काठवटीतच फाटे, असे त्या अजून सांगतात. आज त्यांचे वजन 42 किलो आहे. धान्याची कोठी त्यांच्या ताब्यात असते. रोजचे तांदूळ त्या पितळी चिपट्याने मोजून काढतात आणि काढून झाल्यावर वर एक मूठ टाकतात. ती मूठ आल्यागेल्याची. आमच्याकडे अवेळी आलागेला असा आता कोणी येत नाही, येणारा आधी फोन करतो. पण मूठ पडते. आणि ती मूठच रोज रात्री कुकरच्या भांड्यात उरत असे, जी मी उभ्याने खात असे.

माझी ताटली पाहून त्या पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या हातची भाकरी गोड लागंना का आता?" आठव्या दिवशी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आम्ही पोटाला चिमटा घेतला तो नव्हतं म्हणून. ह्यांच्याकडं असून चिमटा."

मी रक्ताच्या तपासणीचा कागद दाखवला, आकडा समजावला, आईची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "औषध घे की मग." याला काय उत्तर द्यावे? औषध ही बाहेरून येणारी वस्तू, ती घेतल्याने घराची रीत बदलत नाही. कमी खाणे मात्र त्यांच्या आयुष्यात एकाच अर्थाने आले होते. ताटातली भाकरी लहान होत जाते ते साल वाईट असते. सून भरल्या घरात स्वतःहून ते साल बोलावते आहे, हे त्यांना अशुभ वाटत होते. रागामागे भीती होती हे मला कळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी बरेच टाकून बोलले, त्याही बोलल्या.

भांडणाचा मुद्दा शेवटी उरलेल्या भातावरच आला. मी खात नाही म्हटल्यावर भात उरू लागला. तो टाकणे आमच्या घरात पापाहून कमी नाही. पहिले काही दिवस त्यांनीच तो खाल्ला, रागाने, मी पाहत असताना. सत्तरीकडे झुकलेली बाई रात्री साडेनऊला नको असलेला भात गिळते आहे आणि माझे वजन उतरते आहे. असले वजन उतरून काय उपयोग? मी ताटली ठेवून दिली. आठवडाभर पुन्हा पूर्वीसारखे चालू झाले. वहीत त्या आठवड्यासमोर मी काही लिहिलेले नाही.

मग एका संध्याकाळी, तांदूळ निवडताना, मी त्यांना मूठ कोणाची असते असे विचारले. "आल्यागेल्याची," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "आई, वर्षभरात अवेळी कोण आलं?" त्यांनी बराच विचार केला. एक पोस्टमन आठवला, पण तो जेवला नव्हता. मी आणखी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिपटे काढले, मूठ भरली आणि ती पातेल्यात न टाकता एका वेगळ्या डब्यात टाकली. रोज तसे चालू झाले. महिनाअखेर डबा भरला तो त्यांनी कोपऱ्यावरच्या अंगणवाडीत नेऊन दिला.

त्या अंगणवाडीतल्या सेविका आमच्या अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थिनी आहेत. मघा "उरलं ते" म्हणणाऱ्या त्याच. त्या मुलांची वजने करतात आणि वजन वाढले की तक्त्यावर खूण करून खुश होतात. "तुमचं उतरलं की तुम्ही खुश, मॅडम, आमचं चढलं की आम्ही," असे त्या एकदा हसत म्हणाल्या. मला हसू आले नाही. भुकेच्या आणि अतिखाण्याच्या गोष्टी एकाच गल्लीत राहतात. कमी खाण्याविषयी लिहिताना ज्याच्या पानात आधीच कमी आहे तोही हे वाचत असेल याचे भान मला सुटत नाही. तसेच वाढत्या वयाची मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारी माणसे यांनी माझे ऐकून एक घासही कमी करू नये. त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

पुढची हकिकत थोडक्यात. चौदा महिन्यांत वजन 69.5 झाले. कागदावरचा हिशेब सांगतो की शरीरातली किलोभर चरबी म्हणजे सुमारे 7700 उष्मांक, म्हणून रोज अडीचशे कमी खाल्ले तर महिन्याला एक किलो उतरावा. शरीर इतके आज्ञाधारक नसते. वजन घटले की त्याची गरजही घटते, आणि काटा महिनोन्‌महिने एका जागी बसतो. माझा काटा 73 वर तीन महिने बसला. दिवाळीत दोन किलो परत आले. बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत पुन्हा बिस्किटांचे पुडे टेबलावर आले. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन 'आज उपास' असे वहीत लिहिताना मलाच लाज वाटली, कारण साबुदाणा, तूप आणि शेंगदाण्याचे कूट यांचा तो ढीग रोजच्या दोन जेवणांना भारी होता. शेवटच्या तपासणीत साखरेचा आकडा 5.8 आला. उंबरठा अजून ओलांडला नाही, पण पाऊल मागे आहे.

लोकांचे म्हणाल तर आपल्याकडे जाड होणाऱ्या माणसाला 'सुधारलीस' म्हणतात आणि वाळणाऱ्याला 'बरं नाही का?' असे विचारतात. या एका वर्षात मला अनेकांनी हलक्या आवाजात बरे नाही का म्हणून विचारले. एका लग्नात नवऱ्याच्या आत्याबाईंनी सासूबाईंनाच गाठून 'सुनेला जेवायला घालता ना?' असा टोला मारला. पंगतीतला आग्रह मी कसा चुकवते असे विद्यार्थिनी विचारतात. चुकवत नाही. आपल्या पंगतीत पहिला 'नको' हा नकार नसतोच, तो शिष्टाचार असतो. दुसराही बहुधा नसतो. तिसऱ्या 'नको'ला पानावर आडवा हात धरावा लागतो. त्याऐवजी मी पहिल्यांदाच अर्धी जिलबी मागून घेते. मागून घेणाऱ्याला आग्रह होत नाही. बफेच्या रांगेत मात्र मोठी प्लेट हातात येते आणि बावीस पदार्थ समोर असतात. तिथे मी अजून हरते.

मधल्या काळात मला आपल्या जुन्या ग्रंथांचीही सोबत झाली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात 'मात्राशितीय' नावाचा एक अख्खा अध्याय किती खावे यावर आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला द्यावा आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे तिथे सांगितले आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. योगाभ्यासाच्या विवेचनात ज्ञानदेव आहाराला युक्तीचे माप लावायला सांगतात. खाणे सोडा असे ते म्हणत नाहीत, मापा म्हणतात. कितीदा तरी वर्गात शिकवलेली ती ओवी. पण ती शिकवून आल्यावर मी कुकरच्या भांड्यातला भात उभ्याने खात होते, ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवत नाही.

गेल्या श्रावणातली एक रात्र सांगते. परीक्षेच्या कामाने मला उशीर झाला होता. एसटी वाटेत बंद पडली आणि घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले. मुले आणि त्यांचे वडील जेवून झोपायच्या तयारीत होते. स्वयंपाकघरात दिवा होता. माझी ताटली वाढून झाकून ठेवलेली होती. झाकण काढले तर अर्ध्या भागात गवारीची भाजी, एक भाकरी, उसळ, आणि कडेला भाताची लहानशी मूद, वर तुपाची धार. वाढणाराने माप बरोबर ओळखले होते. शेजारी दुसरी ताटली होती, तशीच लहान, तशीच झाकलेली. ही कोणाची म्हणून मी विचारले.

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी थांबले. सगळ्यांचं झाल्यावर पातेलं घेऊन बसायचं, हे आता मलाबी नको वाटतं." त्या पाट घेऊन समोर बसल्या. त्यांच्या ताटलीत दीड भाकरी होती, आणि उसळ माझ्याहून जास्त. मी काही म्हणण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "मला कमी करायचं न्हाई. मला वाढवायचंय. डॉक्टरीणबाई म्हणली."

आम्ही जेवलो. बोलणे फारसे झाले नाही. जेवण झाल्यावर त्यांनी पातेल्याचे झाकण उचलून पाहिले. बुडाशी चार घास भात राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सकाळी फोडणीला टाकू."